लॅबिरिंथमध्ये चालताना मनात काय म्हणायचं असतं?

धुक्यातली
मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

सॅन फ्रान्सिस्कोत नॉब हिलवर ग्रेस कॅथीड्रल आहे. तिथे एक लॅबिरिंथ आत फरशीवर आणि एक बाहेर अंगणात आहे. पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: मोठं वर्तुळ, त्यात एकच वाट वळणं घेत घेत मध्यापर्यंत जाते. फाटा नाही, भिंत नाही, चुकण्याचा प्रश्नच नाही. तोंडाशी उभं राहायचं, चालत मध्यावर जायचं, हवं तेवढं थांबायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. बाहेरचा फुकट आहे. ऑफिस जवळ असल्यामुळे जेवणाच्या सुट्टीत मी अधूनमधून जाते.

लोक तऱ्हेतऱ्हेचे येतात. बूट हातात घेऊन नुसत्या मोज्यांवर चालणारे सूटवाले असतात. मध्यावर बसून हमसून हमसून रडणारी बाई पाहिली आहे, आणि त्याच वेळी तिच्या शेजारून फोनवर बोलत सरळ आडवा निघून गेलेला पिझ्झावाला पोरगाही.

तिथे तीन टप्पे सांगतात. आत जाताना सोडून द्यायचं, मध्यावर जे मिळेल ते घ्यायचं, बाहेर येताना ते सोबत आणायचं. माझं आत जाताना संध्याकाळच्या भाजीचं चालू असतं आणि बाहेर येताना मॅनेजरच्या ईमेलचं. तरीही बाहेर पडल्यावर डोकं हलकं असतं हे खरं. हा गुण चालण्याचा की त्या वाटेचा?

विचारायचं तातडीचं कारण म्हणजे साताऱ्याहून आई येतेय. गुडघे कुरकुरत असले तरी रोज मारुतीला अकरा प्रदक्षिणा घालणारी बाई. तिला तिथे नेणार आहे. तिचा पहिला प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय, "इथे काय म्हणायचं असतं गं?" काय सांगू?

तिरपागडा
पहिला!
काकूंना सांगा, समोरून कोणी आलं की "एक्सक्यूज मी" म्हणायचं असतं.

सरळमार्गी
गोल गोल फिरून अध्यात्म घडत असतं तर आमच्या सोसायटीचे रात्रपाळीचे वॉचमन कधीच मोक्षाला गेले असते.

गमतीचा भाग सोडा. पंधरा-वीस मिनिटं फोन खिशात, कोणी हाक मारत नाही, पाय संथ चालतात. डोकं हलकं व्हायला एवढं पुरतं. रोज पर्वती चढा, तोच गुण येतो आणि वर पोटही उतरतं. धागाकर्तीच्या प्रश्नाचं माझं उत्तर: चालण्याचा. वाटेचा शून्य.

शांतीसागर
सरळमार्गी, अनुभव न घेता मत देऊ नये. लॅबिरिंथ ही हजारो वर्षांची साधना आहे. मध्ययुगात ज्यांना जेरुसलेमची यात्रा शक्य नव्हती ते लोक फ्रान्समधल्या चर्चमध्ये गुडघ्यांवर रांगत हा मार्ग पूर्ण करायचे. त्या भूमितीत ऊर्जा असते. सात वेढ्यांचा असेल तर प्रत्येक वेढा एकेका चक्राशी जोडलेला असतो.

सरळमार्गी
आणि अकरा वेढ्यांचा असेल तर? उरलेली चार चक्रं भाड्याने आणायची का?

पॅरिसचा पेंढ्या
भांडू नका रे. धागाताई म्हणतायत त्याचं मूळ आमच्याकडे फ्रान्समध्ये आहे, शार्त्रच्या कॅथीड्रलमध्ये. पॅरिसहून ट्रेनने तासाभराच्या अंतरावर. ग्रेस कॅथीड्रलवाल्यांनी तिथलाच नमुना उचललाय.

शार्त्रचा लॅबिरिंथ तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. व्यास जवळपास १३ मीटर, वेढे ११, वाटेची लांबी २६० मीटरच्या आसपास. मध्यावर सहा पाकळ्यांचं फूल. चर्चच्या मुख्य दालनाची जवळजवळ सगळी रुंदी त्याने व्यापली आहे, पण एरवी गेलात तर त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात आणि पर्यटक त्याच्यावर उभे राहून वरच्या रंगीत काचा बघत असतात. वसंतापासून शरदापर्यंत शुक्रवारी खुर्च्या हलवतात. जाणार असाल तर शुक्रवार साधा.

मी गेलो तो शुक्रवारच होता. वाट फिकट दगडाची, कडेच्या रेषा काळसर. वाटेची रुंदी फूटभराहून जराशीच जास्त. त्यामुळे सुरुवातीला आपण चालत नाही, तोल सांभाळतो. मागून एक जर्मन आजोबा काठी टेकत येत होते, त्यांच्या काठीचा आवाज एका वळणावर अगदी कानाशी आणि दुसऱ्या वळणावर पार लांबून येई. मध्यावर दगडात गंजलेले खिळे आहेत. तिथे पूर्वी तांब्याची मोठी तबकडी होती, ग्रीक पुराणकथेतल्या थीसियस आणि मिनोटॉरच्या चित्राची. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९२ साली ती काढून वितळवली.

सरळमार्गी, "वाटेचा शून्य" हे मला पटत नाही. त्या आखणीत एक लबाडी आहे. आत शिरल्या शिरल्या थोड्याच वेळात तुम्ही मध्याला अगदी खेटून चालता. वाटतं, पोचलोच. मग वाट तुम्हाला हळूहळू बाहेर काढते, आणि खूप वेळाने जेव्हा तुम्ही सगळ्यात बाहेरच्या कडेवर येता आणि मनातून आशा सोडता, तेव्हा दोन-चार वळणांत मध्य येतो. पर्वतीवर हे होत नाही, तिथे पायऱ्या मोजता येतात.

तिरपागडा
म्हणजे आमच्या फ्लॅटच्या ताब्याची तारीख.

जुनी वही
पेंढ्याशेठ, सुंदर प्रतिसाद. शांतीसागर यांच्या जेरुसलेमच्या मुद्द्याबद्दल मात्र थोडं लिहायला हवं, कारण ही गोष्ट सगळीकडे छापलेली सापडते.

लॅबिरिंथ बांधले गेले त्या काळातला, लोक यात्रेऐवजी त्यावर रांगत होते असं सांगणारा एकही कागद नाही. "जेरुसलेमचा रस्ता" हे नाव आणि ती कथा कित्येक शतकांनंतरची. जो भक्कम पुरावा आहे तो भलत्याच गोष्टीचा आहे. फ्रान्समधल्याच ओसेरच्या कॅथीड्रलमध्ये ईस्टरच्या दिवशी पाद्री लॅबिरिंथवर फेर धरून नाचत आणि त्यांचा मुख्य प्रत्येकाकडे चेंडू टाकत असे, गाणं चालू असताना. १५३८ साली हा प्रकार बंद पाडला. रीम्सचा लॅबिरिंथ तर १७७९ मध्ये उखडूनच टाकला. मुलं त्यावर खेळत, दंगा करत, आणि प्रार्थनेत व्यत्यय येई म्हणून.

आज आपण ज्याला लॅबिरिंथ-साधना म्हणतो, म्हणजे शांतपणे एकट्याने चालणं, ते तीन टप्पे वगैरे, त्याची सुरुवात बरीचशी धागाकर्तीच्याच चर्चपासून झाली. लॉरेन आर्ट्रेस या तिथल्या धर्मगुरू. १९९१ साली त्या शार्त्रला गेल्या, सोबतच्या मंडळींनी खुर्च्या बाजूला सारल्या आणि त्या लॅबिरिंथवर चालल्या. परत येऊन त्यांनी कापडावर तो नमुना रंगवून घेतला आणि ग्रेसमध्ये अंथरला. तिथून तो अमेरिकेत इस्पितळं, तुरुंग, विद्यापीठं असा पसरला.

तेव्हा "हजारो वर्षांची साधना" नाही. आकृती हजारो वर्षांची आहे. ग्रीसमध्ये पायलोसला सापडलेल्या मातीच्या पाटीवर ती इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमाराची आहे. पण त्या पाटीमागे बकऱ्यांचा हिशोब आहे, कारकुनाने कंटाळून काढली असावी असं दिसतं. साधना आपल्या डोळ्यांदेखत तयार झाली. म्हणून ती खोटी ठरत नाही, एवढंच जोडतो.

सरळमार्गी
पाद्रीबुवा चेंडू खेळत होते आणि कारकून मीटिंगमध्ये रेघोट्या मारत होता! हा इतिहास मला मान्य आहे. सहर्ष मान्य.

शांतीसागर
पुरावा नाही म्हणजे घडलं नाही असं होत नाही.

जुनी वही
बरोबर. पण घडलं असंही होत नाही.

सुशेगाद
आमच्या गोव्यात सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ आहे. जांभ्या दगडाच्या सपाट पठारावर कोरलेले बैल, हरणं, पावलं, आणि त्यातच एक गोल वेटोळ्यांची आकृती. १९९३ मध्ये अभ्यासकांच्या नजरेस आली. बघायला गेलात तर पाऊस संपल्यावर सकाळी किंवा उतरत्या उन्हात जा, तिरक्या उजेडात रेघा उठून दिसतात. भर दुपारी नुसता तांबडा कातळ दिसतो आणि लोक म्हणतात, कुठे काय आहे?

त्याच्यावर चालायचं नाही, ती चालायच्या मापाची नाहीच. बोटही फिरवू नका, दगड झिजतो. उकिडवं बसून नजरेने वाट धरा. मध्यापर्यंत नजर न सुटता नेऊन दाखवा, मग बोलू.

माळावरचा
गोव्याचं निघालं तर सोलापूरचं पण घ्या. बोरामणीच्या गवताळ माळावर लहान लहान दगड रचून केलेलं चक्र आहे. वन्यजीव बघत फिरणाऱ्या मंडळींच्या नजरेस पडलं आणि २०२५ च्या अखेरीस सगळ्या पेपरांत आलं. जवळपास ५० फूट आडवं, आणि वेढे किती? १५! अभ्यासक त्याचा संबंध दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन व्यापाराशी लावतायत, कोकण बंदरातून तेर-सोलापूरकडे येणारे व्यापारी मार्ग वगैरे. तो अंदाज आहे, पण दगड खरे आहेत.

एक कळकळीची विनंती. बघायला जाणार असाल तर रील काढायला त्यात उड्या मारू नका. दगड मातीत नुसते टेकलेले आहेत, लाथ बसली की हलले.

आजीचा बटवा
चक्र म्हटल्यावर आठवलं. उत्तरेकडे बाळंतपण अडलं की काशाच्या थाळीत केशराने चक्रव्यूह काढायचा, बाईला तो नीट बघायला लावायचा, मग पाण्याने धुऊन ते पाणी तिला पाजायचं, अशी रीत होती. बाळाला बाहेरची वाट सापडावी म्हणून. आमच्या शेजारच्या मिश्रा आजी सांगायच्या. वैद्यकीय सल्ला म्हणून घेऊ नका रे बाबांनो, डॉक्टरकडे जा.

जुनी वही
आजी, छान आठवण. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरावर, म्हणजे बाराव्या शतकातल्या शिल्पपट्टात, महाभारताच्या युद्धात चक्रव्यूह दाखवलाय तो याच आकृतीचा. ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या जुन्या नाण्यांवरच्या आकृतीचा सख्खा नातेवाईक, फक्त मध्यावर मळसूत्रासारखा फिरतो.

तिरपागडा
एक मिनिट. त्यात फाटा नसतो ना? वाट एकच ना? मग अभिमन्यू अडकला कसा? आला तसा परत जायचं!

जुनी वही
सहा महारथी समोरून "एक्सक्यूज मी" म्हणत आले असतील.

तिरपागडा
_/\_ दंडवत.

ट्यूबवाला
लंडनमध्ये असलेल्यांनी मान वर केली तर रोज लॅबिरिंथ दिसतो. २०१३ मध्ये भुयारी रेल्वेला दीडशे वर्षं झाली तेव्हा मार्क वॉलिंजर या कलाकाराने त्या वेळच्या २७० स्टेशनांसाठी २७० वेगवेगळे लॅबिरिंथ केले. काळ्या-पांढऱ्या मुलाम्याच्या चौकोनी पाट्या, तोंडाशी लाल फुली. क्रमांकही आहेत, सगळी स्टेशनं कमीत कमी वेळात पालथी घालण्याच्या विक्रमाच्या क्रमाने. मी वर्षानुवर्षं त्याला जाहिरात समजून पुढे जात होतो. आता गाडीला उशीर असला की बोट फिरवतो. लोक बघतात, पण लंडनमध्ये कोणी काही बोलत नाही हा फायदा.

डोंबिवली फास्ट
दादरच्या पुलावर लावा म्हणावं एक. तसं दादरचा पूलच लॅबिरिंथ आहे.

ट्यूबवाला
अजिबात नाही. दादरच्या पुलावर फाटे आहेत, निवडावं लागतं, आणि चुकलं तर आपण वेस्टर्नऐवजी फुलबाजारात. तो भूलभुलैया. इथे काही निवडायचंच नसतं, सगळी गंमत तिथे आहे.

बर्फातला
स्वीडनच्या किनाऱ्यावर दगड मांडून केलेले असे कितीतरी आहेत. गोटलँड बेटावर व्हिस्बी गावाबाहेरचा मी पाहिलाय. इथल्या कोळ्यांची समजूत अशी, की समुद्रात जाण्याआधी लॅबिरिंथमध्ये चालत मध्यावर जायचं, वाईट वारे आणि भुतंखेतं मागोमाग आत येतात, मग आपण पळत बाहेर येऊन होडी ढकलायची. ती आत गरगरत बसतात. ध्यानधारणा वगैरे नाही, शुद्ध फसवाफसवी.

ओवी
इथपर्यंत सगळे प्रतिसाद वाचले. मी इंग्लंडमध्ये एका हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेतात तिथे, नर्स आहे. आमच्याकडे चालायचा लॅबिरिंथ नाही, मांडीवर घ्यायची लाकडी फळी आहे. त्यात खाच कोरलेली, बोटाने फिरायचं. डावखुऱ्याने उजव्या हाताने आणि बाकीच्यांनी डाव्या हाताने, म्हणजे सवयीचा नसलेला हात. त्याने वेग आपोआप कमी होतो.

वर कोणीतरी ऊर्जेबद्दल लिहिलंय, कोणीतरी इतिहासाबद्दल. मला त्यातलं काही सांगता येणार नाही. फळीवरच्या खाचेत बोटांच्या तेलाने लाकूड काळं पडलंय, ते मी रोज पुसते. आतल्या वळणांपेक्षा बाहेरची वळणं जास्त काळी आहेत, कारण पुष्कळ जण मध्यापर्यंत जातच नाहीत. झोप लागते, किंवा दुखायला लागतं, किंवा चहा येतो.

एक आजोबा होते, निवृत्त ट्रकचालक. बोलणं जवळपास थांबलं होतं. देवाधर्माशी संबंध नाही, पाद्री आले की भिंतीकडे तोंड करायचे. त्यांच्या हाती ही फळी कोणी दिली माहीत नाही. ते दुपारभर बोट फिरवत. बायको शेजारी बसून विणकाम करायची. मी एकदा विचारलं, मनात काय चालू असतं? बऱ्याच वेळाने म्हणाले, "इथे रस्ता मला विचारावा लागत नाही." आणि मग बायकोकडे बघून, "तीस वर्षं ही नकाशा उलटा धरायची." ती इतकी हसली की टाके सुटले.

धागाताई, तुमच्या आईला काही म्हणायला सांगू नका. विचारलंच तर म्हणावं, काही म्हणायचं नसतं.

सरळमार्गी
ओवीताई, प्रतिसाद आवडला. मत बदललेलं नाही, पण प्रतिसाद आवडला.

शांतीसागर
ओवीताई, तुम्ही ज्याला फळी म्हणता त्यातच ती ऊर्जा आहे. सरळमार्गींसारख्या कोरड्या माणसांना

संपादक मंडळ
वरच्या प्रतिसादाचा पुढचा भाग उडवला आहे. व्यक्तिगत शेरे नकोत. चर्चा वाटेवर राहू द्या.

तिरपागडा
संपादक पण कोट्या करायला लागले. शतक नक्की.

नामाचा गजर
"काही म्हणायचं नसतं" याला माझा विरोध. आपल्या माणसाला रिकामं चालता येत नाही. वारीत बघा, पाय चालतात आणि मुखाने नाम चालतं, एकाला दुसरं ओढून नेतं. काकूंना मारुतीस्तोत्र तोंडपाठ असेल तर तेच म्हणू द्या. ख्रिस्ती चर्चच्या आवारात चालेल का एवढंच बघा.

वसईचा केळीवाला
चालेल हो. लॅबिरिंथ सगळ्यांसाठी खुला असतो, धर्म विचारत नाहीत. मनातल्या मनात स्तोत्र म्हटलं तर कोणाला कळणार?

आम्ही कॅथलिक लोक उपवासकाळात क्रुसाची वाट करतो. चौदा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी थांबायचं, गुडघे टेकायचे, आणि काय म्हणायचं ते ठरलेलं असतं. सगळं गाव एकत्र असतं, पुढे क्रूस. आमच्या चर्चमध्ये लॅबिरिंथ नाही, मी पहिल्यांदा चाललो तो कॅनडात मुलीकडे गेलो तेव्हा. मला तर चुकल्याचुकल्यासारखं झालं. थांबे नाहीत, शब्द नाहीत, पुढे कोणी नाही. अर्ध्या वाटेत मी सवयीने "नमो मारिया" सुरू केलं. माझ्या मुलीला मात्र काहीच म्हणावं लागत नाही हेच आवडतं. पिढीचा फरक म्हणायचा.

चंद्रभागेकाठी
प्रदक्षिणेशी तुलना येणार हे माहीत होतं. पण एक मोठा फरक कोणी बोललं नाही. प्रदक्षिणेत देव मध्यावर असतो आणि आपण त्याच्या भोवती फिरतो, गाभाऱ्याच्या आत नाही. लॅबिरिंथमध्ये आपण स्वतः मध्यावर जाऊन उभे राहतो, आणि तिथे कोणीही नसतं. शार्त्रला तर होती ती तबकडीही गेली, खिळे उरले. ज्या बाईने जन्मभर मूर्तीभोवती फेऱ्या घातल्या तिला त्या रिकाम्या जागेत अवघडल्यासारखं होऊ शकतं. हे आधी सांगून ठेवा.

दुसरं, महादेवाची सोमसूत्री प्रदक्षिणा काकूंना माहीत असेलच. पन्हाळीपर्यंत जायचं, ओलांडायची नाही, वळून आलेल्या वाटेने परत. म्हणजे त्याच वाटेने मागे फिरणं आपल्याला नवीन नाही. तिला असं सांगितलं तर पाच सेकंदांत समजेल.

धुक्यातली
सोमसूत्रीचं सुचलंच नव्हतं! हे नक्की सांगते. सगळ्यांचे आभार. गुडघ्यांबद्दल कोणी सांगेल का?

डॉ. वंगण
फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून लिहितो.

२६० मीटर जायचं आणि तेवढंच यायचं, अर्धा किलोमीटर सपाटीवर. अंतराचा त्रास नाही. त्रास वळणांचा आहे. शार्त्रच्या नमुन्यात पूर्ण मागे फिरायची वळणं भरपूर आहेत, आणि वयस्कर माणसं पाऊल जमिनीवर रोवून वरचं अंग फिरवतात. गुडघ्याला तेच नको असतं. वळताना तीन-चार छोटी पावलं टाकायची. नजर पायाशी नको, दोन पावलं पुढे, नाहीतर गरगरतं. चक्कर येण्याचा जुना त्रास असेल तर निम्म्यात बाहेर पडा. रेषा ओलांडली तर काही बिघडत नाही, तो पिझ्झावाला नाही का गेला! बाहेरची गुळगुळीत फरशी धुक्याने ओली असली तर मोज्यांवर अजिबात नको.

बे एरियाकर
आई सोबत असेल तर लँड्स एंडला नेऊ नका हं. तिथे समुद्राच्या कड्यावर एका कलाकाराने २००४ मध्ये दगडांचा लॅबिरिंथ रचला होता. दर थोड्या दिवसांनी कोणीतरी उधळायचं, कोणीतरी परत रचायचं. नजारा अफाट, पण वाट चढउताराची. ग्रेसच बरं. वेळ जुळली तर महिन्यातून एका शुक्रवारी संध्याकाळी आतला लॅबिरिंथ मेणबत्त्यांच्या उजेडात खुला असतो, सोबत वाद्यसंगीत. गर्दी असते मात्र.

ठिपके जोडा
एवढे सगळे लोक सॅन फ्रान्सिस्को-फ्रान्स करतायत, घरच्या घरी काढा की! रांगोळी येणाऱ्या कुणालाही जमेल. सात वेढ्यांचा, जुना क्रीटवाला.

मध्यावर अधिकचं मोठं चिन्ह. त्याच्या चारही घरांत एकेक काटकोन, टोक अधिकच्या मध्याकडे. चारही घरांच्या बाहेरच्या कोपऱ्यात एकेक ठिपका. झालं बीज. आता अधिकचं वरचं टोक उजवीकडच्या काटकोनाच्या वरच्या टोकाला कमानीने जोडा. मग डावीकडचं पहिलं मोकळं टोक घ्या, आधीच्या कमानीवरून नेऊन उजवीकडच्या पुढच्या मोकळ्या टोकाला जोडा. असंच डावं-उजवं करत जायचं, एकूण आठ कमानी. वाट फूटभर रुंद धरली तर सोळा-सतरा फूट जागा लागते.

बाहेरून आत वेढ्यांना १ ते ७ आकडे द्या आणि चाला. वाट आधी तिसऱ्यात शिरते, मग दुसरा, पहिला, म्हणजे उलटी बाहेर! मग चौथा, तिथून एकदम सातवा, सहावा, पाचवा, आणि पाचव्यातून मध्य. पॅरिसकर म्हणतात ती लबाडी इथेही आहे.

मी कोथरूडला आमच्या गच्चीवर काढला. सेक्रेटरीकाकांनी वर येऊन दहा मिनिटं निरखलं आणि विचारलं, "वहिनी, हे जादूटोण्यातलं नाही ना?" मी म्हटलं, चालून बघा. हात मागे बांधून, जिन्यातले दिवे तपासायला निघाल्यासारखे चालले. मध्यावर पोचून म्हणाले, "इथे टाकीचं झाकण उघडं आहे." खरंच होतं.

सरळमार्गी
हा पहिला सिद्ध झालेला लाभ. नोंद घ्यावी.

धुक्यातली
आई आली, काल नेलं. सविस्तर लिहिते कारण तुम्ही एवढं लिहिलंत.

आधी तिथल्या सोनेरी दरवाज्यापाशीच अडकली, ती फ्लॉरेन्सच्या प्रसिद्ध दरवाज्याची प्रतिकृती आहे. "पितळ कशाने घासतात?" मग बाहेरच्या लॅबिरिंथपाशी आलो. सोमसूत्रीचं सांगितल्यावर मान हलवली, "असं सांग ना मग." चपला काढून एका कडेला जोडीने ठेवल्या. मी म्हटलं काढायची गरज नाही, तर म्हणाली, "गरज कोण म्हणतंय?"

डॉक्टर, वळणावर छोटी पावलं टाकली, तुमचं नाव घेऊन टाकायला लावली. समोरून एक तरुण मुलगा आला तेव्हा दोघंही एकाच बाजूला सरकले, परत दुसऱ्या बाजूला सरकले. मग तिने त्याच्या दंडाला धरून त्याला बाजूला केलं आणि पुढे गेली.

चंद्रभागेकाठी, तुम्ही म्हणालात ते झालं. मध्यावर पोचल्यावर ती गांगरली. आजूबाजूला बघितलं, पदर सारखा केला, हात जोडायला उचलले आणि कोणाकडे जोडायचे कळेना. मग जागेवरच वळून चारी दिशांना नमस्कार केला. परत येताना तोंड पुटपुटत होतं. बाहेर आल्यावर विचारलं, काय म्हणत होतीस? म्हणाली जाताना भीमरूपी म्हटलं, ते मध्यापर्यंत पुरलं नाही, दोनदा म्हणावं लागलं. "येताना मग काही म्हटलं नाही, नुसती नावं घेत आले." कोणाची? "आपल्या सगळ्यांची. गेलेल्यांची पण." आणि लगेच, "उरलेल्या दहा घालायच्या का?"

घातल्या नाहीत. कॉफी प्यायला गेलो.

नामाचा गजर
जाताना स्तोत्र, येताना नावं. माझा मुद्दा सिद्ध.

ओवी
येताना काही ठरवून म्हटलं नाही, म्हणजे माझाही.

सरळमार्गी
काकूंना गुडघ्यांसह अर्धा किलोमीटर चालवलं, माझा तर आधीच.

जुनी वही
पदर सारखा करणं सगळ्यात आवडलं. ओसेरच्या पाद्र्यांनीही चेंडू झेलण्याआधी झगा आवरला असणार.

ठिपके जोडा
मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी जागतिक लॅबिरिंथ दिन असतो. आपापल्या ठिकाणी दुपारी एकला सगळ्यांनी एकदम चालायचं, म्हणजे जगभर ती लाट फिरत राहते अशी कल्पना. पुण्यातल्या कोणाला यायचं असेल तर आमच्या गच्चीवर स्वागत आहे.

तिरपागडा
मे महिन्यात? दुपारी एकला? गच्चीवर? अनवाणी? जेरुसलेमवाले गुडघ्यांवर रांगायचे ते बरं होतं.

ठिपके जोडा
म्हणून सकाळी सहाला ठेवलंय, लाट जाऊ दे. येताना कोणी जाड खडू किंवा गेरू आणला तर बरं होईल. गेल्या वेळी नुसत्या रांगोळीने काढला होता, पहिली पाच पोरं पळाल्यावर पाचवा आणि सहावा वेढा एक झाला आणि मागून येणारे सगळे जिन्यात निघाले.